खालच्या खोलीतला वास

या घरात हिवाळा आधी नाकाला कळतो. ऑक्टोबरच्या मध्यावर पहिली कडक थंडी पडते आणि सकाळी जळक्या धुळीचा वास जिन्यावरून वर येतो. सहा महिने बंद असलेल्या हीटरमध्ये जी धूळ, जे केस, जी कातडीची भुकटी साठलेली असते, ती पहिल्या दिवशी भाजून निघते. तास-दीड तासात वास जातो. खिडक्या उघडल्या तर त्याआधीच. यंदाही तो आला आणि गेला. तेवढ्या वेळात घरातलं कुणी कुणाशी बोललं नाही. चार वर्षं झाली, दर ऑक्टोबरात हा तास असाच जातो.

हे हीटर आता फारसे कुठे दिसत नाहीत. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत ते बांधकामापासून आहेत. भिंतीला टेकून उभी, गुडघ्याच्या वर येणारी पांढऱ्या पत्र्याची पेटी. आत जड विटा आणि विटांच्या मधून गेलेल्या तापणाऱ्या कांबी. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा विटा तापतात आणि दिवसभर तळाचा छोटा पंखा ती ऊब खोलीत सोडत राहतो. कल्पना चांगली आहे. ती पत्र्याच्या पेटीत घालून तीस वर्षं वापरली की तिचं काय होतं, ते मात्र बघवत नाही. पत्रा पिवळा पडतो. जाळीच्या फटींत चिकट राखाडी थर बसतो, त्याला बोट लागलं तर बोट साबणाने धुवावं लागतं. घर घेताना माझा नवरा नितीन म्हणाला होता, "एकदा सगळे चेंज करून टाकू, यार." तेव्हापासून ते काम दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं.

चार वर्षांपूर्वी आई सप्टेंबरात आली. नागपूरहून, एकटी, बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी. मुक्काम सहा महिन्यांचा होता, पण बेत वेगळा होता. ती कायमची इथे राहावी म्हणून ग्रीन कार्डचा अर्ज वकिलाने तयार करून पाठवला होता. माझ्या सह्या झाल्या होत्या, तिची बाकी होती. फॉर्म जेवणाच्या टेबलाजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. ती म्हणाली होती, "एक हिवाळा पाहू दे मला. मग सांगते." त्या एका हिवाळ्यावर ती कुठे म्हातारी होणार ते ठरायचं होतं. जिना चढायला तिला त्रास व्हायचा, म्हणून तिला खालची छोटी खोली दिली. घरातल्या चार पेट्यांपैकी सगळ्यात खराब पेटी त्या खोलीत होती.

हीटर सुरू होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "या पेटीतून वास येऊन राहिला गं, मंजू."

"पहिले काही दिवस येतो, आई. धूळ जळते."

"धुळीचा नाही."

"मग कसला?"

"नाव नाही सांगता येत. घाण आहे."

नितीनने लॅपटॉपवरून नजर न काढता सांगितलं, "नोव्हेंबरपर्यंत सेटल होईल ते, आई."

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

नोव्हेंबरात वास वाढला. तो गोडसर होता, कुबट होता, शिळ्या मासळीच्या जवळ जाणारा होता आणि त्याच्या तळाशी लघवीसारखं काहीतरी होतं. आईच्या खोलीचं दार उघडलं की तो तोंडावर यायचा. तिच्या शालीत, उशीच्या अभ्र्यात, केसांत तो भरला होता. ती जेवायला येऊन बसली की टेबलापाशी पोचायचा आणि घास तोंडात फिरायचा. पेटीला वास येतो, हे आईने स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. तरी नितीन, आमची मुलगी आणि मी, आम्हा तिघांपैकी एकानेही नाक पेटीकडे नेलं नाही. तिच्याकडे नेलं.

याला आमची एक जुनी सवय कारणीभूत आहे. इथे स्थिरावलेल्या आमच्यासारख्या घरांत वासाचे नियम असतात. फोडणी घालायच्या आधी बेडरूमची दारं बंद. कोट कपाटात, कपाटाचं दार बंद. पंखा पूर्ण जोरात, आणि बाहेर बर्फ असलं तरी मागचं दार चार बोटं उघडं. स्वयंपाक झाला की एक मेणबत्ती, जिच्यावर ताज्या धुतलेल्या सुती कापडाचा वास असल्याचं छापलेलं असतं. आमची मुलगी इरा चौथीत असताना शाळेच्या बसमध्ये कुणीतरी तिच्या कोटाचा वास घेऊन नाक दाबलं होतं. तेव्हापासून हे नियम आमच्याकडे कायद्यासारखे पाळले जातात. त्यांचा एक परिणाम असा झाला की घरात कुठलाही वास आला, तर तो आपल्यातूनच आला असणार, आपल्या तेलातून, हिंगातून, अंगातून, असं आम्ही न तपासता मानतो. यंत्राला वास येईल हे आमच्या मनात येत नाही. यंत्र इथलं असतं.

तेरा वर्षांच्या इराने ते एकदा मोठ्याने म्हटलं. "मॉम, द होल डाउनस्टेअर्स स्मेल्स लाइक आजी."

"हळू बोल," मी म्हणाले.

असं बोलू नये, असं मी म्हणाले नाही. हळू बोल म्हणाले. खालच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

मग उपाय सुरू झाले. आईचे कपडे आमच्या कपड्यांपासून वेगळे धुतले जाऊ लागले. शाल दोनदा धुतली, ती आक्रसली. गुडघ्याला लावायचा बाम रात्रीऐवजी दुपारी लावायला सांगितला, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत उडेल. डोक्याला लावायच्या मेथीच्या तेलाबद्दल मी म्हणाले, "इथल्या हवेत तेलाची गरज नसते गं." तिने बाटली बॅगेत ठेवून दिली. हे सगळं अतिशय सौम्य आवाजात झालं. त्या घरात त्या महिन्यांत कुणीही आवाज चढवला नाही, आणि आज आठवताना सगळ्यात जास्त शिसारी त्या सौम्य आवाजाचीच येते.

एका शनिवारी गाडीत नितीन म्हणाला, "या वयात कंट्रोल जातो काही लोकांचा. नॉर्मल असतं. त्यांना अवघडल्यासारखं होऊ न देता काहीतरी करायला हवं." तो मनापासून बोलत होता. त्याच दिवशी मी औषधांच्या दुकानातून प्रौढांच्या डायपरचं एक पाकीट आणलं आणि आईच्या बाथरूममधल्या कपाटात टॉवेलांच्या खाली ठेवलं. तिला काही सांगितलं नाही. सांगायला लागू नये म्हणूनच तिथे ठेवलं होतं. चार दिवसांनी पाहिलं तर पाकीट फोडलेलं नव्हतं, पण ते टॉवेलांच्या खाली नव्हतं. वरच्या फळीवर, समोरच दिसेल असं ठेवलेलं होतं.

त्यानंतर ती सकाळ-संध्याकाळ आंघोळ करू लागली. आम्ही ऑफिसातून यायच्या आत जेवून घेऊ लागली. "मला लवकर भूक लागते," असं तिने सांगितलं आणि आम्ही ते मानलं. तिला खोकला लागला होता, त्याचंही कारण आमच्याकडे तयार होतं: वारंवार आंघोळ.

पेटीची दुरुस्ती काढली ती वासासाठी नाही. डिसेंबरात आईच्या खोलीची ऊब दुपारीच संपू लागली. सकाळी पत्र्याला हात लावता येत नसे, आणि तीनच्या सुमाराला खोलीत स्वेटर घालून बसावं लागे. तीन कंपन्यांना फोन केले. एका ठिकाणी यंत्राच्या आवाजाने पाच पर्याय वाचून दाखवले, त्यातला कुठलाही लागू नव्हता. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने असे हीटर कधी पाहिलेच नव्हते. तिसऱ्याने न बघताच सगळे उपटून नवे बसवायला सांगितलं. शेवटी शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या मेकॅनिकचा नंबर दिला. त्याचं नाव डेल. त्याने फोनवर आधी मॉडेल नंबर विचारला, कारण आमच्याहून जुन्या पेट्यांच्या अस्तरात फुफ्फुसांना घातक ॲस्बेस्टॉस असतं. मग बजावलं: चारही पेट्यांचे स्विच दोन दिवस आधी बंद करायचे. विटा पूर्ण गार झाल्याशिवाय तो हात लावणार नव्हता.

दोन दिवस घर गार राहणार होतं, म्हणून गुरुवारी आईला एडिसनला शैलाकाकूंकडे पोचवलं. काकू माझ्या आत्याच्या वर्गमैत्रीण, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेल्या आणि आता निवृत्त झालेल्या डॉक्टर. आई गाडीत बसताना म्हणाली, "खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव." मी ठेवल्या.

शुक्रवारी संध्याकाळी घरात वास नव्हता.

इरा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली, नाकाने दोनदा श्वास घेतला आणि म्हणाली, "सी?"

नितीन म्हणाला, "ऑब्व्हियस आहे." त्याला त्यात आनंद नव्हता, पण निकाल लागल्याचं समाधान होतं. मलाही होतं.

मी नागपुरात नऊ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर काम केलं आहे. दोन घटना एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं लिहायचं नाही, हा तिथला पहिल्या आठवड्यातला धडा. वार्ताहरांच्या मजकुरातून मी अशी वाक्यं रोज काढत असे. गुरुवारी या घरातून दोन गोष्टी एकदम गेल्या होत्या. एक आई, आणि दुसरी चार पेट्यांमधली वीज. मी स्वतः खाली जाऊन स्विच बंद केले होते. तरीही मी एकीचाच विचार केला.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, तुझ्या आईनं काल आल्यापासून तीन वेळा आंघोळ केली. काय चाललंय तुमच्याकडे?"

"तिला आवडतं गरम पाणी."

"आवडतं म्हणून कुणी तीनदा करत नाही. मला विचारलं तिनं, माझ्या अंगाला वास येतो का म्हणून. मी जवळ बसून पाहिलं. काही नाही. आणि तो खोकला ऐकलास का तू?"

ऐकला आहे, मी म्हणाले. फोन ठेवल्यावर मनात आलं की काकूंचंही वय झालं, या वयात नाक जातं. पुरावा समोर ठेवला तर साक्षीदाराचं नाक खोटं ठरवायचं, इतकी त्या किळसेची पकड होती. किळस आली की माणूस तोंड फिरवतो, आणि तोंड फिरवल्यावर काही दिसत नाही. तपास तिथेच संपतो.

डेल शनिवारी सकाळी आला. साठीच्या पुढचा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला, तोंडावर मास्क. वरच्या तीन पेट्या त्याने तासाभरात तपासल्या. मग खालच्या खोलीत ताडपत्री अंथरली, पुढचा पत्रा काढला, अस्तर बाजूला केलं आणि एकेक वीट दोन्ही हातांनी उचलून मांडत गेला. विटा संपल्यावर त्याने तळाचा पंख्याचा कप्पा उघडला आणि थांबला.

कप्प्यात उंदरांचं घरटं होतं. कपडे वाळवायच्या यंत्रातला लोकरीसारखा मळ, टिशूचे तुकडे, ऊब टिकावी म्हणून भिंतीत भरलेली गुलाबी काचलोकर, आणि हे सगळं लघवीने भिजून, तापून, पुन्हा भिजून एक तपकिरी पोळी झालेली. पंख्याच्या पात्यांत एक उंदीर अडकून मेला होता. तो सुकला होता, एका बाजूने काळा झाला होता, शेपटी पात्याला चिकटून वितळल्यासारखी दिसत होती. त्याच्या मागे वायर कुरतडलेली, तिचं आवरण फुगून, काळं होऊन खाली ओघळलेलं. डेलने ते पकडीने उचलून तसराळ्यात ठेवलं, तेव्हा तो वास आला. तोच. गोडसर, कुबट, मासळीचा, तळाशी लघवी. नितीन खोलीबाहेर गेला आणि स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी ओकला. मीही बाहेर जायला हवं होतं, पण उभी राहिले.

"पंखा फिरत नव्हता, म्हणून ऊब आतच कोंडली आणि वायर भाजत राहिली," डेल म्हणाला. "अजून काही दिवसांत आग लागली असती. या खोलीत झोपतं कोण?"

"माझी आई."

"केव्हापासून?"

"सप्टेंबर."

"आणि त्या काही बोलल्या नाहीत? हा वास न कळणं शक्य नाही."

"बोलली होती," मी म्हणाले.

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. वायरींचा नवा संच, नवा पंखा, जळालेली एक कांब आणि तापमान वाढलं की वीज तोडणारं बटण त्याने बदललं. भिंतीतलं उंदराचं भोक लोखंडी काथ्याने बुजवलं. कप्पा तीनदा पुसला. मग सगळ्या विटा जिथल्या तिथे परत बसवल्या.

ती पेटी आता घरातली सगळ्यात चांगली चालणारी पेटी आहे. डेल दर सप्टेंबरात येऊन चारही तपासून जातो. खालच्या खोलीत नितीनचं ऑफिस आहे, मीटिंगमध्ये तो मागे पुस्तकांची मांडणी दाखवतो. खोलीला कसलाही वास नाही. लाकडाचा नाही, माणसाचा नाही, कुणी तिथे राहिल्याचा नाही. पाहुणे आले की म्हणतात, किती फ्रेश ठेवलंय तुम्ही घर. मी थँक्यू म्हणते.

त्या शनिवारी डेल हत्यारं आवरत असताना काकू आईला घेऊन आल्या. तसराळं अजून पोर्चवर होतं. आई कोट न काढता त्याच्यापाशी गेली आणि वाकून पाहू लागली.

"उंदीर," ती म्हणाली.

"वास याचा होता, आई. आणि वायरचा."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

काकू हसायला लागल्या. "अगं, काल रात्री तुझा फोन ठेवल्यावर मी हिला म्हटलं, माझं खरं वाटत नसेल तर करून बघ. तर हिनं आज सकाळी आंघोळच केली नाही. डोक्याला तेल थापलं, माझ्या स्वयंपाकघरात हिंगाची सणसणीत फोडणी घातली, आणि माझ्यासमोर येऊन उभी. म्हणते, घ्या आता वास."

"मग?" नितीनने विचारलं.

"मग काय? वरणाचा वास आला. भूक लागली."

मी आईला विचारलं, "मग सकाळीच मला फोन का नाही केलास?"

"तू मानलं असतं?"

नसतं मानलं.

"माझं खरं व्हायला उंदीर मरावा लागला, बापा," ती म्हणाली आणि कोटाची बटणं काढायला लागली.

"आई, सॉरी. फार चूक झाली आमची," नितीन म्हणाला.

"असू द्या, नितीनराव. तुम्ही जावई. तुम्हाला काय म्हणू? ही तर माझ्या पोटची आहे." तिने हे रागाने म्हटलं नाही. जावयाला जागा करून द्यावी तसं म्हटलं, आणि आत जाऊन डेलला चहा हवा का ते विचारायला मला सांगितलं. त्याला हवा होता. आलं घातलेला कपभर चहा पिऊन तो गेला.

काकूंनी आईच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. छातीत घरघर होती, ती जायला तीन आठवडे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली एकसारखी उबदार होती. पंख्याची बारीक घरघर सोडली तर आवाज नव्हता, आणि वास नव्हता. आई नऊपर्यंत झोपली. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच. उठल्यावर चहा घेतला आणि तिने स्वतःच फॉर्म मागितला.

मी ड्रॉवरमधून काढून दिला. तिने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. इंग्रजी अडेल तिथे ती इराला विचारत होती. इरा आजीच्या खुर्चीला चिकटून उभी होती आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ जमेल तशा मराठीत सांगत होती. अर्धा तास गेला. शेवटच्या पानावर वकिलाने पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, सही तिथे करायची होती. आईने त्या फुलीवर बोट ठेवलं.

"मार्चचं तिकीट आहे ना माझं?"

"ते बदलता येतं, आई. आता खोली नीट झाली."

"खोली चांगली झाली. नको बदलू तिकीट. उन्हाळा लागायच्या आत कूलर काढावा लागते. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या आहेत. त्याचा पंपही अडकते."

"कूलरसाठी जाणार तू? तिथे एकटी राहणार?"

"दुरुस्तीचा माणूस आहे ना. दर वर्षी मीच बोलावते."

"आई, मी कूलरबद्दल विचारत नाहीये."

"मी त्याला म्हणते, पंप अडकून राहिला," ती म्हणाली, "आणि तो पंप उघडते."

मग तिने फॉर्मची पानं टेबलावर आपटून सारखी केली आणि सही न करताच माझ्याकडे सरकवली.